विसाव्या घरावरच्या तीन ओळी

मे लागला की माझ्या टेबलावर रजेचे अर्ज येऊ लागतात. कारण एकच असतं, टायपिंगची परीक्षा. मी ते तारखेप्रमाणे लावते, कोणाच्या जागी कोण बसेल याची यादी करते आणि सह्या करून टाकते. पाच मिनिटांचं काम. तरी दरवर्षी त्यातला एखादा अर्ज हातात घेतला की मला आधी त्याचा डावा समास दिसतो. मजकूर नंतर दिसतो.

यंदा ऑफिसात कॉम्प्युटर आला. तो ज्या खोलीत ठेवला आहे तिथे चपला बाहेर काढून जावं लागतं. आमची वैशाली तो शिकून आली आहे. परवा तिने मला हौसेने बोलावलं. पडद्यावर एक उतारा होता. तिने एक कळ दाबली आणि अख्खा उतारा पाच घरं आत सरकला. पुन्हा दाबली, आणखी पाच घरं.

"बघा मॅडम, कितीही आत ढकला."

मी म्हटलं, आता बाहेर आण. तिने तेही केलं. उतारा समासाला येऊन चिकटला आणि वरच्या-खालच्या ओळींत असा मिसळून गेला, की क्षणापूर्वी तो वेगळा होता याची खूणही उरली नाही. बाहेर डांबर वितळत होतं आणि माझ्या मानेवर काटा आला. वैशालीला वाटलं, मला त्या खोलीतला गारवा सोसत नाही.

तिला काय सांगणार. धरमपेठेतल्या त्या माडीवर मी उभी राहिले होते क्षणभर, एकोणीस वर्षांची, दोन वेण्या घातलेली.

खाली कापडाचं दुकान आणि वर आमची टायपिंगची इन्स्टिट्यूट. बारा मशीनं, भिंतीला घड्याळ, खिडक्यांना वाळ्याच्या ताट्या. दर तासाला कोणीतरी उठून त्यांच्यावर पाणी मारायचं. वाळ्याचा गार, मातकट वास, त्यात मशीनच्या तेलाचा आणि फितीच्या शाईचा वास. आजही कुठे वाळा भिजला की माझी बोटं आपोआप मधल्या ओळीवर येऊन बसतात. सकाळच्या दोन तुकड्या संपल्या की अकरानंतर कोणी यायचं नाही. नागपूरचं मे महिन्यातलं ऊन ज्यांनी पाहिलं आहे त्यांना ती शांतता माहीत आहे. भर दुपारी रस्ता असा ओस पडतो, की कोणीतरी माणसं उचलून नेली आहेत आणि घरं तेवढी विसरून गेलं आहे, असं वाटतं. कुत्रं भुंकत नाही. पानही हलत नाही आणि हललं तर जास्त भीती वाटते.

वझलवार सर इन्स्टिट्यूट चालवायचे. त्यांच्या शिकवणीत गती दुसऱ्या नंबरावर होती, पहिल्यावर समास. डावीकडे दहा घरं सोडायची. घर म्हणजे एका अक्षराची जागा. दुसऱ्याचं बोलणं किंवा दुसऱ्या कागदातला उतारा आला, की तो सगळाच्या सगळा पंधराव्या घरापासून. डावी कड वाकडी झाली तर परीक्षेत गुण कापले जात. सर पट्टी घेऊन ती कड मोजायचे.

मला ते शिकवावं लागलं नाही. आमची विणकरांची वस्ती. बाबा मागावर नऊवारी विणायचे आणि लुगड्याचा काठ एका सुताने जरी सरकला तरी तेवढं विणलेलं उसवायचे. काठ वाकडा म्हणजे माणूस वाकडा, असं आमच्या घरात मानत. मी तेच डोळे घेऊन टायपिंगला आले. आल्या महिन्याभरात मी सरांना विचारून प्रत्येक मशीनवर चिठ्ठी चिकटवली: समास दहा, टॅब पंधरा, इतर काही नको. रोज सकाळी बाराही मशीनं तपासून वहीत खूण करायची. माझी मैत्रीण कुमुद हे बघून म्हणायची, "निर्मले, तू मेल्यावर यमालेबी यादी देशील वं. आधी कोनाले न्यायचं ते लिहून."

हीच कुमुद सात नंबरच्या मशीनवर बसत नसे. ते सरांनी कुठल्यातरी बंद पडलेल्या कारखान्याच्या लिलावात घेतलं होतं. त्याचं अक्षर सगळ्यांत सुबक उमटायचं. काहून बसत नाहीस म्हणून मी एकदा तिला विचारलं. ती म्हणाली, ते आपल्यासाठी थांबत नाही, दुसऱ्या कोणासाठी थांबून राहिलं आहे. मी हसले. मी मुद्दाम सातवरच बसायचे.

परीक्षेच्या दिवसांत सर बाहेरचं कामही घेत. वकिलांचे कारकून हस्तलिखित कागद आणायचे आणि आम्ही कार्बन घालून नकला काढायचो. एका दुपारी असाच एक कागद आला. कामठीच्या एका यंत्रमागाच्या कारखान्यात नामदेव नावाचा कामगार पट्ट्यात हात सापडून जखमी झाला होता आणि दोन दिवसांनी दवाखान्यातच वारला होता. त्याआधी एका चौकशी अधिकाऱ्याने खाटेशेजारी बसून त्याचा जबाब लिहून घेतला होता. अपघात कोणाच्या चुकीने झाला हे ठरवायला पुढच्या शनिवारी सुनावणी होती, त्यासाठी चार नकला हव्या होत्या. मूळ कागद कारकून संध्याकाळी परत नेणार होता.

सर जेवायला गेले. कुमुद घरी गेली. मी एकटी सात नंबरवर बसले.

त्या अधिकाऱ्याची लिहिण्याची पद्धत साधी होती. स्वतःचं लिहिणं समासापासून. नामदेवचं बोलणं आत घेतलेलं. अवतरणचिन्ह कुठेच नाही. अक्षर मात्र मांडीवर कागद ठेवून लिहिल्यासारखं वेडंवाकडं. जबाबाच्या मध्ये तीन ओळी तर आणखीच आत घसरल्या होत्या. मला वाटलं, इथे बिचाऱ्याची मांडी हलली असेल.

टायपरायटरच्या रोलरसकट सरकणाऱ्या वरच्या भागाला आम्ही गाडा म्हणायचो. टॅबची कळ दाबली की गाडा धावतो आणि मागच्या दातेरी पट्टीवर जिथे चिमटा लावलेला असेल तिथे थांबतो. माझा चिमटा पंधरावर होता, सकाळीच तपासून वहीत खूण केली होती. जबाब सुरू झाला. टॅब, पंधरा. ओळ. टॅब, पंधरा. ओळ. मग त्या तीन ओळींतली पहिली आली. मी टॅब दाबला आणि गाडा पंधरावरून तसाच पुढे गेला. विसावर थांबला.

उठून मागे जाऊन पाहिलं. पंधरावर चिमटा होता. विसावर काही नव्हतं, नुसते दाते. मी गाडा हाताने मागे आणला, ओळ पंधरावरून टाइप केली. दुसरी ओळ. पुन्हा वीस. तिसरी ओळ. पुन्हा वीस, आणि या वेळी आवाज झाला तो चिमट्याला लागून गाडा अडल्याचा नव्हता. कोणीतरी तळहाताने अडवावा तसा, मऊ. ताट्या वाळल्या होत्या आणि खोलीत गरम वारा भरला होता. मला घाम फुटायला हवा होता. फुटला नाही. मी तिसऱ्यांदा गाडा मागे ओढला. तोंडातल्या तोंडात मशीनला म्हटलं, सरळ चाल. ओळ पंधरावर ठोकली.

चौथ्या ओळीपासून गाडा पंधरावर नीट थांबू लागला. शेवटपर्यंत.

नकला छान निघाल्या. डावी कड सुतात. मूळ कागद ज्याने लिहिला त्यालाही जमलं नव्हतं इतकं मी ते सरळ केलं होतं. खाली मुळाबरहुकूम खरी नक्कल असं टाइप करून सही केली. त्या सहीचा मला अभिमान वाटला, हे लिहून ठेवते, कारण पुढचं त्याच्यावरच उभं आहे.

चार दिवसांनी, अशाच ओस दुपारी, जिन्यावर पावलं वाजली नाहीत आणि दारात एक बाई उभी दिसली. अनवाणी होती. डोक्यावरून घट्ट पदर, हातात घडी घातलेला कागद. ती नामदेवची बायको, सरूबाई. वकिलाच्या कारकुनाने एक नक्कल तिला दिली होती आणि कुठे टाइप झालं हे विचारत ती कामठीच्या बसने आली होती. मी माठातलं पाणी दिलं. ती न पिता तांब्या हातात धरून बसली.

"पोरी, मले वाचता नाई येत. याच्यात त्याचं बोलनं कुठून कुठपर्यंत आहे, ते दाखव."

मी बोटाने दाखवलं. ही आत घेतलेली पट्टी दिसते ना मावशी, हे सगळं त्यांचं. तिने स्वतःचं बोट त्या कडेवरून वरून खाली नेलं. सावकाश, माणसाच्या पाठीवरून न्यावं तसं. मध्यावर बोट थांबलं.

"इथं एक पायरी होती."

मी म्हटलं, नाही मावशी, असं काही नव्हतं.

"होती. साहेब लिहून राहिले होते तवा मी त्याच्या उशाशी उभी होती. मले अक्षर येत नाई म्हनून मी आकार पाहून राहिली होती. मी विचारलं, साहेब, ही पायरी काहून? ते म्हनाले, बाई, हे मुकादमाचं बोलनं आहे, तुझ्या नवऱ्याचं नाई. म्हनून आत उतरवलं."

मी कागद ओढून घेतला आणि माझ्याच टायपिंगमधलं वाचलं. सरळ, सुबक, एका कडेत: पट्टा घसरतो आहे हे मी मुकादमांना सांगितले. बंद करण्याची गरज नाही. चालू असतानाच हे काम होते. जबाबदारी माझी. मग मी हात घातला.

बंद करण्याची गरज नाही, हे आता नामदेव म्हणत होता. जबाबदारीही तोच घेत होता. मेलेला माणूस माझ्या हाताने स्वतःवर दोष ठेवून मोकळा झाला होता, आणि जिवंत माणूस सुटला होता. त्या तीन ओळी मुकादमाच्या होत्या. मशीन त्या विसावर नेऊन थांबत होतं, एकदा, दोनदा, तीनदा.

सरूबाई बोलत होती. कारखान्याची खोली खाली करावी लागेल त्याचं तिला काही नव्हतं, भावाकडे उमरेडला जाईन म्हणाली. पण वस्तीत लोक म्हणत होते, नामदेवने स्वतःच्या तोंडाने कबूल केलं, वकिलाकडे कागद आहे. "त्यानं मरता मरता खरं सांगितलं वं," ती म्हणाली, "आन् ते खोटं झालं."

माझ्यामुळे झालं, हे मी तिला तेव्हाच सांगितलं. तिने माझ्याकडे पाहिलं. रागावली असती तर बरं वाटलं असतं. मग ती पाणी प्यायली, सगळा तांब्या, आणि तिने तो उपडा घालून ठेवला.

सरांना सांगितलं तेव्हा त्यांनी नक्कल खिडकीशी नेऊन बराच वेळ पाहिली. समास तर सरळ आहे, असं पहिल्यांदा म्हणाले. मग ते खुर्चीत बसले आणि म्हणाले, बाहेरच्या कागदाची वाकडी कड आपली नसते निर्मला, ती तशीच उतरवायची असते, हे मी कधी शिकवलंच नाही. त्यांनी मला सुनावणीला जायला सांगितलं. शनिवारीच माझी परीक्षा होती, ते त्यांनाही माहीत होतं आणि मलाही. कुमुद त्या वर्षी पास झाली. मी पुढच्या वर्षी.

सात नंबरचा टॅब मी त्यानंतर पुष्कळदा दाबून पाहिला. रिकाम्या कागदावर, बातमीवर, परीक्षेच्या उताऱ्यावर. दर वेळी पंधरा. एकदाही वीस नाही. सरांनी ते उघडून झटकलं, तेल घातलं, चिमटा बदलला. माझ्या वहीत त्या दिवसापुढे मी लिहिलं आहे, मशीन सात, दोष सापडला नाही. खाली आणखी काही लिहायला दोन ओळी सोडल्या होत्या. त्या अजून कोऱ्या आहेत.

माणसं बोलतात तेव्हा एकाच्या बोलण्यात दुसऱ्याचं बोलणं असतं, त्याच्या आत तिसऱ्याचं. आमच्या वस्तीतल्या बायका नळावर सासूचं बोलणं सांगायच्या तेव्हा आवाज बारीक करायच्या, मान तिरकी करायच्या. त्यातही नवऱ्याचं आलं की पदर तोंडावर घ्यायच्या. कोण बोलतंय हे बघणाऱ्याला कळायचं. कागदाला मान नाही आणि पदर नाही. त्याच्याजवळ पाच कोरी घरं आहेत, तेवढीच. कोऱ्या जागेत काही नसतं असं मी तेव्हापर्यंत धरून चालले होते.

सुनावणी एका जुन्या बंगलीत होती. व्हरांड्यात ताट्या, आत उंच छताला लांब दांड्याचा पंखा. जबाब घेणाऱ्या साहेबांची तोवर चांद्याकडे बदली झाली होती. टेबलामागे नवे साहेब होते. मूळ कागद आणि माझी नक्कल त्यांच्यापुढे शेजारी शेजारी. एका बाकावर सरूबाई, समोरच्या बाकावर मुकादम. मी मनात राक्षस रंगवून गेले होते. हा साठीकडे झुकलेला, धुतलेली पांढरी टोपी, गुडघ्यांवर हात. त्याने खाली पाहिलं नाही की वर पाहिलं नाही. कारखान्याचे वकील साहेबांना सांगत होते की मुकादम निरक्षर आहे, कागदपत्रांशी त्याचा संबंध नाही.

मी उभी राहून सांगितलं की या तीन ओळी मुळात आत आहेत, मी त्या बाहेर आणल्या, चूक माझी. साहेबांनी लिहून घेतलं. वकील हसून म्हणाले, एका आजारी माणसाच्या खाटेवर टेकून लिहिलेला कागद, हात हलला, ओळ सरकली. तीन बोटं कोऱ्या जागेवरून कोणाला दोषी धरायचं? आधीच्या साहेबांनी पायरीबद्दल काय म्हटलं होतं ते सरूबाईने सांगितलं. वकील म्हणाले, ही बायको आहे, ती हेच सांगणार. ते चूक बोलत नव्हते. मला त्याचीच भीती वाटत होती.

साहेबांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, मी मूळ कागद एकदा मोठ्याने वाचतो. ऐकताना माझ्या लक्षात आलं की आता सगळंच गेलं. आवाजाला समास नसतो. ते एका सुरात वाचत होते, स्वतःचं, नामदेवचं, सगळं सारखं. बाहेर ऊन इतकं होतं की ताटीच्या फटींतून आलेल्या रेघा जमिनीवर पांढऱ्या दिसत होत्या. पंखा फिरत होता आणि टेबलावरचा एकही कागद हलत नव्हता.

"पट्टा घसरतो आहे हे मी मुकादमांना सांगितले," साहेबांनी वाचलं आणि ते थांबले. पुढची ओळ शोधायला. ती नेहमीच्या जागी नव्हती, आत होती, म्हणून त्यांच्या डोळ्यांना ती सापडायला एक क्षण लागला. पाच घरांएवढा क्षण.

त्या क्षणात समोरच्या बाकावरून आवाज आला. मुकादम बोलत होता. टोपी तशीच, हात गुडघ्यांवर तसेच, नजर समोरच्या भिंतीवर. कोणीतरी त्याला विचारलं होतं आणि तो उत्तर देत होता.

"बंद कराची गरज नाई. चालूतच होते. जबाबदारी माझी. घाल हात, नामा."

साहेबांचं बोट अजून वरच्या ओळीवर होतं. वकील अर्धे उठले. मी मूळ कागद शंभरदा आठवला होता, तीन ओळी अक्षर न् अक्षर. शेवटचे शब्द त्यात नव्हते. नामदेवने ते आधीच्या साहेबांना सांगितले नव्हते, त्यांनी लिहिले नव्हते, मी टाइप केले नव्हते. सरूबाईने पदर तोंडात धरला. नामा म्हणून त्याला कारखान्यात एकटा मुकादमच हाक मारायचा, हे तिने मला नंतर सांगितलं. आपण काय बोललो ते मुकादमाला कळलं तेव्हा त्याने आपल्या तोंडावर हात ठेवला आणि तो हात तसाच राहिला.

मग साहेबांनी कारकुनाला हे लिहून घ्यायला सांगितलं. कारकून नवखा होता. त्याने दौतीत टाक बुडवला, कागद सरळ केला आणि हळूच विचारलं, "साहेब, किती आत घेऊ?"

"आत नाही. समासापासून लिही," साहेब म्हणाले. "आता ते स्वतः बोलले आहेत."

टाक कुरकुरू लागला. सरूबाई बाकावरून उठली आणि ते अक्षर कुठून सुरू होतं ते बघायला टेबलाजवळ गेली.